अमेरिकेत कोण डावं, कोण उजवं, कोण मधलं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत निवडणूक जवळ आली की इथल्या मराठी घरांत आणि पुण्या-नाशिकहून येणाऱ्या व्हिडिओ कॉलवर तेच तेच प्रश्न येतात. तुमच्याकडे लिबरल, म्हणजे डावे, जास्त की कॉन्झर्व्हेटिव्ह, म्हणजे उजवे? मग अमक्या राज्यात तमका जिंकतो कसा? आपली माणसं कुणीकडे? त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. माणूस पाहणीत स्वतःबद्दल जे सांगतो आणि मतपत्रिकेवर जे करतो, त्यात अमेरिकेत बरंच अंतर असतं. या पानाचा बराचसा भाग त्या अंतराबद्दल आहे.

माणूस कुठे बसतो हे मोजतात कसं?

माणसालाच विचारतात. दुसरी युक्ती नाही.

दोन प्रश्न विशेष प्रसिद्ध आहेत. गॅलप ही संस्था विचारते की तुमची राजकीय मतं फार कॉन्झर्व्हेटिव्ह, कॉन्झर्व्हेटिव्ह, मॉडरेट (मधली), लिबरल की फार लिबरल? वर्षभराच्या पाहण्यांची सरासरी काढून ती आकडा जाहीर करते आणि हे आकडे १९९२ पासून सलग मिळतात. दुसरा प्रश्न मिशिगन विद्यापीठात रुजलेल्या राष्ट्रीय निवडणूक अभ्यासातला. त्यात १९७२ पासून सात पायऱ्यांची पट्टी पुढे ठेवतात. एका टोकाला अतिशय लिबरल, दुसऱ्या टोकाला अतिशय कॉन्झर्व्हेटिव्ह. तुम्ही स्वतःला कुठे ठेवाल असं विचारून प्रश्नाला शेवटी एक शेपूट जोडलेलं असतं : की तुम्ही याचा फारसा विचारच केलेला नाही?

मला ते शेपूट फार आवडतं. बरीच वर्षं पाचातल्या एकाहून जास्त माणसांनी तेच उत्तर दिलं आहे. गॅलपच्या प्रश्नात अशी पळवाट नाही, त्यामुळे तिथे यातली बरीच मंडळी ‘मॉडरेट’च्या रकान्यात जाऊन बसत असणार.

मग आकडे काय सांगतात?

गॅलपच्या २०२४ च्या सरासरीत ३७ टक्के लोकांनी स्वतःला कॉन्झर्व्हेटिव्ह म्हटलं, ३४ टक्क्यांनी मॉडरेट आणि २५ टक्क्यांनी लिबरल. १९९२ मध्ये हेच आकडे अनुक्रमे ३६, ४३ आणि १७ होते. म्हणजे तीस-बत्तीस वर्षांत कॉन्झर्व्हेटिव्ह जवळजवळ जागचे हलले नाहीत. मधले घटले आणि लिबरल वाढले.

खरी हालचाल डेमोक्रॅट (डावीकडचा) आणि रिपब्लिकन (उजवीकडचा) या दोन मोठ्या पक्षांच्या आत झाली. १९९४ मध्ये डेमोक्रॅट म्हणवणाऱ्यांत लिबरल २५ टक्के आणि कॉन्झर्व्हेटिव्हही २५ टक्के होते. उरलेले बहुतेक मॉडरेट. दक्षिणेतला शेतकरी, शिकागोचा कामगार आणि बॉस्टनचा प्राध्यापक एकाच पक्षात नांदत होते. २०२४ मध्ये डेमोक्रॅटांतले ५५ टक्के लिबरल आणि जेमतेम ९ टक्के कॉन्झर्व्हेटिव्ह. रिपब्लिकनांत ७७ टक्के कॉन्झर्व्हेटिव्ह. देशात दुफळी वाढली असं आपण म्हणतो, त्यातला मोठा भाग या वर्गवारीचा आहे. माणसं तेवढी बदलली नाहीत, जितकी ती आपापल्या खोलीत जाऊन बसली.

लोकांना या शब्दांचा अर्थ तरी माहीत असतो का?

फिलिप कॉन्व्हर्स या अभ्यासकाने १९६४ मध्ये यावर जो निबंध लिहिला, त्याचा धक्का राज्यशास्त्रवाले अजून पचवताहेत. १९५६ च्या निवडणुकीतल्या मुलाखती वाचून त्याने पाहिलं की पक्ष आणि उमेदवारांबद्दल बोलताना किती माणसं खरोखर डाव्या-उजव्या विचाराच्या चौकटीतून बोलतात. अडीच टक्के निघाली. उदारपणे मोजली तर आणखी ९ टक्के. बाकीचे ‘हा पक्ष कामगारांचा’, ‘त्या पक्षाच्या काळात मंदी आली’, ‘माणूस चांगला वाटतो’ अशा हिशेबाने मत देत होते.

आज शिक्षण वाढलंय, टीव्ही आणि फोन दिवसभर राजकारण ओततात, त्यामुळे आकडा वर गेला असेलच. पण पट्टीवर खूण करणारा माणूस करधोरणापासून गर्भपातापर्यंत सुसंगत मतांचा संच घेऊन फिरतो, असं धरून चालू नये.

मॉडरेट म्हणजे मधला, समजूतदार, दोन्हीकडचं ऐकणारा. बरोबर ना?

कधी कधी. मॉडरेट म्हणवणाऱ्यांत तीन प्रकारची माणसं सापडतात. एक, ज्यांची मतं खरोखर बऱ्याच विषयांवर मधली आहेत. दोन, ज्यांना राजकारणात रस नाही आणि ‘मधलं’ म्हटलं की विषय मिटतो. तिसरा प्रकार सगळ्यात रंजक : यांची मतं मधली अजिबात नसतात, फक्त ती एका बाजूची नसतात. सीमेवर लष्कर उभं करा म्हणणारा माणूस त्याच दमात सरकारने सगळ्यांना फुकट आरोग्यविमा द्यावा असंही म्हणतो. एक टोक उजवं, एक टोक डावं. सरासरी काढली की गडी मधोमध. डेव्हिड ब्रूकमन आणि डग्लस आहलर यांनी या सरासरीच्या फसवेपणावर बरंच काम केलं आहे.

म्हणून ‘देशातले बहुसंख्य लोक मधले आहेत, त्यांच्यासाठी मधला पक्ष काढा’ ही सूचना दर चार वर्षांनी कुणीतरी श्रीमंत माणूस करतो आणि दर वेळी ती फसते. त्या मधल्या लोकांना एकच गोष्ट हवी असते, असं थोडंच आहे!

४३ टक्के लोक इंडिपेंडंट आहेत म्हणे. मग ते कुणाचेच नाहीत?

गॅलपच्या २०२४ च्या सरासरीत ४३ टक्के इंडिपेंडंट, आणि डेमोक्रॅट व रिपब्लिकन प्रत्येकी २८ टक्के होते. पण पुढचा प्रश्न विचारला जातो : बरं, झुकता कुठे? तेव्हा बहुतेकांची तोंडं उघडतात आणि खरोखर कुठेच न झुकणारे दहा टक्क्यांच्या आसपास उरतात. झुकणारे इंडिपेंडंट मत देताना जवळजवळ पक्षवाल्यांसारखेच वागतात, हे १९९० च्या दशकापासून वारंवार दिसलं आहे.

मग पक्षाचं नाव का टाळतात? पक्ष म्हटलं की भांडण, पैसा, वाहिन्यांवरचा आरडाओरडा आठवतो आणि त्यात आपलं नाव नको वाटतं. त्यात थोडा दिखावाही आहे, असं माझं मत. ‘मी कुणाचा बांधील नाही’ हे वाक्य अमेरिकेत फार रुबाबदार वाटतं.

कॅलिफोर्नियात यातून एक गंमत झाली. तिथे अमेरिकन इंडिपेंडंट पार्टी नावाचा एक कट्टर उजवा पक्ष आहे. १९६८ मध्ये वंशभेदाचा पुरस्कर्ता जॉर्ज वॉलेस याच्या उमेदवारीभोवती तो उभा राहिला. नोंदणीच्या फॉर्मवर ‘इंडिपेंडंट’ दिसलं की लोक खूण करत गेले आणि लाखो माणसं नकळत त्या पक्षाची सभासद झाली. २०१६ मध्ये एका वृत्तपत्राने चौकशी केली, तर चारातल्या जवळपास तिघांना आपण कुठल्या पक्षात आहोत हे ठाऊकच नव्हतं.

स्वतःला कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणवणारी राज्यं किमान वेतन वाढवतात, हे कसं काय?

हा माझा आवडता प्रश्न, म्हणून जरा पाय पसरून बसतो.

मिसूरी घ्या. २०१८ च्या नोव्हेंबरात त्या राज्याने डेमोक्रॅट सिनेटर क्लेअर मॅककॅस्किल यांना घरी बसवून रिपब्लिकन जॉश हॉली यांना निवडलं. त्याच दिवशी, त्याच मतपत्रिकेवर, किमान वेतन टप्प्याटप्प्याने ताशी १२ डॉलरवर नेण्याचा प्रस्ताव मोठ्या फरकाने मंजूर केला. तीनच महिने आधी कामगार संघटनांचे पंख छाटणारा कायदा दोन-तृतीयांश मतांनी उडवून लावला होता. २०२० मध्ये गरिबांसाठीच्या मेडिकेड आरोग्ययोजनेचा विस्तार मंजूर केला. २०२४ मध्ये ट्रम्प यांना साधारण ५८ टक्के मतं दिली आणि सोबत १५ डॉलर किमान वेतन, आजारपणाची पगारी रजा आणि राज्यघटनेत गर्भपाताचा हक्क, हे तिन्ही पास केलं. विधिमंडळ रिपब्लिकनांचं, त्यांनी २०२५ मध्ये पगारी रजेचा भाग रद्द करून टाकला.

फ्लोरिडाने २०२० मध्ये ट्रम्प यांना निवडलं आणि १५ डॉलर किमान वेतनाला जवळपास ६१ टक्के मतं दिली. कॅन्ससमध्ये ऑगस्ट २०२२ मध्ये राज्यघटनेतला गर्भपाताचा हक्क काढण्याचा प्रस्ताव ५९ टक्क्यांनी पाडला गेला. कॅन्ससने १९६४ नंतर एकदाही राष्ट्राध्यक्षपदासाठी डेमोक्रॅट निवडलेला नाही.

आता उलट बाजू. लिबरलांचं माहेरघर कॅलिफोर्निया. २०२० मध्ये बायडेन यांना तिथे ६३ टक्के मतं पडली, आणि त्याच दिवशी सरकारी नोकऱ्या व विद्यापीठ प्रवेशांत वंशाचा विचार पुन्हा करू देणारा प्रस्ताव ५७ टक्के लोकांनी फेटाळला. २०२४ मध्ये चोरी आणि अमली पदार्थांसाठी शिक्षा कडक करणारा प्रस्ताव दोन-तृतीयांशाहून जास्त मतांनी पास झाला. तुरुंगातली सक्तीची मजुरी बंद करण्याचा प्रस्ताव पडला. किमान वेतन १८ डॉलर करण्याचा प्रस्तावही थोडक्यात पडला. (तिथे आधीच १६ डॉलर होतं, हे मान्य. तरी मिसूरीत ‘होय’ आणि कॅलिफोर्नियात ‘नाही’, तेही एकाच दिवशी!)

लॉइड फ्री आणि हॅडली कँट्रिल या दोघांनी १९६७ मध्येच हे सांगून ठेवलं होतं. सरकारने लुडबुड करू नये, माणसाने आपल्या पायावर उभं राहावं, असं तत्त्व म्हणून विचारलं तर अमेरिकन माणूस कॉन्झर्व्हेटिव्ह. म्हाताऱ्यांचं पेन्शन, शाळा, दवाखाना यांवर खर्च वाढवावा का, असं एकेक विचारलं तर तोच माणूस लिबरल. दोन्ही उत्तरं तो मनापासून देतो. कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणताना त्याच्या डोळ्यांपुढे चर्च, कुटुंब, कष्ट, शिस्त असं काहीतरी असतं. अर्थसंकल्पाचा तक्ता नसतो. कॅलिफोर्नियातला माणूसही लिबरल म्हणताना आपल्या शहराशी, मित्रमंडळाशी, कॉलेजशी नातं सांगत असतो. आपल्या गल्लीतल्या दुकानात चोऱ्या होऊ लागल्या की त्याचं मत त्या नात्यापासून सुटं होतं.

पट्टीवरच्या खुणेवरून ‘हा कुणाच्या बाजूला उभा राहू इच्छितो’ हे चांगलं कळतं. ‘याला काय हवंय’ हे विचारायचं असेल तर विषयवारच विचारावं लागतं.

म्हणजे आधी पक्ष, मग मत?

बऱ्याच जणांच्या बाबतीत, हो. ब्रिगहॅम यंग विद्यापीठातल्या मायकल बार्बर आणि जेरेमी पोप यांनी २०१७ च्या सुरुवातीला एक प्रयोग केला. ट्रम्प वेगवेगळ्या वेळी दोन्ही बाजूंची विधानं करून बसलेले असल्याने सोय होती. काही रिपब्लिकनांना सांगितलं की अमुक लिबरल धोरणाला ट्रम्प यांचा पाठिंबा आहे, काहींना सांगितलं की त्याच विषयावरच्या कॉन्झर्व्हेटिव्ह धोरणाला आहे. माणसं ज्या बाजूला ट्रम्प, त्या बाजूला सरकली. स्वतःला कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणवणारेसुद्धा लिबरल बाजूला सरकले. डेमोक्रॅटांनी इथे हुरळून जाऊ नये. नेत्यामागे मत फिरवण्याची सवय एका पक्षाची मक्तेदारी नाही.

लिझ चेनींची गोष्ट याच सदरातली. वायोमिंगच्या या खासदारबाई कर, बंदुका, गर्भपात, संरक्षण, सगळ्यावर पक्क्या कॉन्झर्व्हेटिव्ह. संसदेत त्यांनी नव्वद टक्क्यांहून जास्त वेळा ट्रम्प यांच्या भूमिकेच्या बाजूने मत दिलं. ६ जानेवारी २०२१ ला ट्रम्प समर्थकांनी संसदेवर केलेल्या हल्ल्यानंतर त्या ट्रम्प यांच्या विरोधात गेल्या. मे २०२१ मध्ये पक्षातलं पद गेलं, ऑगस्ट २०२२ मध्ये प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, दारुण पराभव झाला. त्यांची बहुतेक धोरणं बदललेली नव्हती, तरी पक्षातल्या अनेकांच्या लेखी त्या आता कॉन्झर्व्हेटिव्ह राहिल्या नव्हत्या.

डेमोक्रॅट नेते स्वतःला ‘लिबरल’ म्हणवून घ्यायला का कचरतात?

रुझवेल्ट यांच्या न्यू डील (मंदीतून बाहेर काढण्यासाठीच्या सरकारी योजना) काळात, १९३३ नंतर, हे बिरुद मिरवलं जायचं. साठच्या दशकातल्या दंगली, व्हिएतनाम, वाढते कर यांनी त्याची रया गेली. १९८८ च्या निवडणुकीत थोरल्या बुश यांनी मायकल डुकाकिस यांना लिबरल म्हणून इतकं झोडलं की त्या शब्दाची जवळपास शिवी झाली. त्यानंतर बरेच डेमोक्रॅट ‘प्रोग्रेसिव्ह’कडे वळले. मतदारांत मात्र लिबरल म्हणवणारे वाढतच आहेत, हे वरच्या आकड्यांत दिसलंच.

त्याच्याही डावीकडे ‘डेमोक्रॅटिक सोशलिस्ट’ हे बिरुद आहे. व्हर्माँटचे बर्नी सँडर्स कितीतरी वर्षं ते एकटेच खांद्यावर घेऊन फिरत होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या मतदारांनी तेच बिरुद लावणाऱ्या झोहरान ममदानी यांना महापौर केलं.

कृष्णवर्णीय मतदार तर सगळे डेमोक्रॅट. मग ते सगळे लिबरल?

मुळीच नाही. प्यू रिसर्च सेंटर या पाहणी संस्थेच्या आकडेवारीनुसार २०२० च्या सुमारास कृष्णवर्णीय डेमोक्रॅट मतदारांत मॉडरेट म्हणवणारे सर्वांत जास्त होते, आणि साधारण चौथा हिस्सा स्वतःला कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणत होता. यातले अनेक चर्चला नियमाने जाणारे, मुलांच्या शिस्तीबाबत आणि कौटुंबिक बाबतींत जुन्या वळणाचे. मत मात्र दहातले जवळपास नऊ जण डेमोक्रॅटांना देतात. यामागे १९६४-६५ चे नागरी हक्क कायदे आहेत, आणि समाज म्हणून एकत्र मत देण्याची दीर्घ परंपरा आहे.

२९ फेब्रुवारी २०२० ला साउथ कॅरोलायनाच्या प्रायमरीत याच मतदारांनी बुडणाऱ्या बायडेन यांना वर काढलं. खासदार जिम क्लायबर्न यांनी आदल्या बुधवारी पाठिंबा दिला आणि सँडर्स यांची घोडदौड तिथे अडली. डेमोक्रॅटिक पक्ष लिबरल विद्यापीठांतून चालतो असं समजणाऱ्यांनी हा शनिवार लक्षात ठेवावा.

भाजप म्हणजे रिपब्लिकन आणि काँग्रेस म्हणजे डेमोक्रॅट, असं म्हणता येईल का?

व्हॉट्सअ‍ॅपवर म्हणतात. पण दोन पावलं चाललं की जोडी मोडते. २०२४ मध्ये महाराष्ट्रात महायुती सरकारने ‘लाडकी बहीण’ आणली : पात्र महिलेच्या खात्यात दरमहा थेट १५०० रुपये. अमेरिकेत रोख रक्कम अशी वाटायची सूचना आली की ती डाव्या डेमोक्रॅटांची ठरते आणि रिपब्लिकन कपाळाला हात लावतात. स्वस्त धान्य, शेतमालाचा हमीभाव, आरक्षण, यांतलं काहीही रद्द करू असं म्हणून आपल्याकडे कुठलाही मोठा पक्ष निवडणूक लढवत नाही. गर्भपाताचा कायदा आपल्याकडे १९७१ चा. त्यावरून कुठलीही विधानसभा निवडणूक लढल्याचं मला आठवत नाही. बंदुकीचा तर प्रश्नच नाही.

राष्ट्रवाद, धर्म आणि अल्पसंख्याकांबद्दलची भूमिका एवढाच भाग घेतला तर साम्य दिसतं, आणि लोक तेवढाच भाग घेतात.

मग अमेरिकेतले भारतीय, त्यात आपली मराठी माणसं, कुठे आहेत?

फक्त मराठी माणसांबद्दल आकडा देता येणार नाही, पण भारतीय वंशाच्या अमेरिकनांबद्दल कार्नेगी संस्थेची पाहणी आहे. २०२० मध्ये ५६ टक्क्यांनी स्वतःला डेमोक्रॅट म्हटलं होतं. २०२४ मध्ये ४७ टक्क्यांनी. २०२४ च्या निवडणुकीआधी ६१ टक्के कमला हॅरिस यांना मत देणार होते, ३२ टक्के ट्रम्प यांना. चाळिशीच्या आतल्या पुरुषांत मात्र जवळपास निम्मे ट्रम्प यांच्याकडे झुकले होते. बायका आणि पुरुष यांच्यातली ही फट तरुण अमेरिकनांत सगळीकडेच रुंदावते आहे.

त्याच पाहणीतून २०२० मध्ये दिसलेली एक गोष्ट मात्र आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. आपली माणसं अमेरिकेतल्या प्रश्नांवर जास्त लिबरल असतात आणि भारतातल्या प्रश्नांवर जास्त कॉन्झर्व्हेटिव्ह. इथे अल्पसंख्य, तिथे बहुसंख्य; माणूस एकच. मंडळाच्या गणेशोत्सवात जेवणाच्या रांगेत उभं राहून दोन्ही मतं पाच मिनिटांच्या अंतराने ऐकायला मिळतात, आणि बोलणाऱ्याला त्यात काही विसंगत वाटत नाही.

विषयवार विचारलं तर आणखी गुंता. कर कमी हवेत. सरकारी शाळा मात्र उत्तम हव्यात. बंदुकांवर बंधनं हवीत. ग्रीन कार्डसाठी पंधरा-पंधरा वर्षं रांगेत उभा राहिलेला माणूस रांग मोडून आलेल्यांबद्दल कडक बोलतो, आणि तोच एच-वन-बी व्हिसावर टाच आली की रिपब्लिकनांवर संतापतो. विद्यापीठ प्रवेशात वंशाचा विचार करायला सर्वोच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये मनाई केली, तेव्हा डेमोक्रॅट म्हणवणाऱ्या अनेक भारतीय आईबापांनी मनातल्या मनात सुटकेचा श्वास टाकला, असा माझा अंदाज आहे.

निवडून येणाऱ्यांत बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार आहेत. डेट्रॉइट परिसरातून २०२३ पासून डेमोक्रॅट खासदार. दुसऱ्या बाजूला निकी हेली आणि विवेक रामस्वामी रिपब्लिकन उमेदवारीसाठी लढले. आडनाव पाहून पक्ष ओळखायचे दिवस गेले.

ऑनलाइन चाचणी दिली तर माझी जागा कळेल का?

करमणूक म्हणून जरूर द्या. एकच आडवी रेघ अपुरी आहे, ही त्यांच्यामागची कल्पना रास्त आहे. डेव्हिड नोलन यांनी १९६९ मध्ये आर्थिक स्वातंत्र्य आणि वैयक्तिक स्वातंत्र्य असे दोन अक्ष आखले. पुढे १९७१ मध्ये लिबर्टेरियन पक्ष (दोन्ही बाबतींत सरकारची लुडबुड नको म्हणणारा) स्थापण्यात ते पुढे होते, आणि त्या आराखड्यात लिबर्टेरियन माणूस सगळ्यात वरच्या, सगळ्यात देखण्या कोपऱ्यात येतो, हा काही योगायोग म्हणता येणार नाही. इंटरनेटवर लोकप्रिय असलेला ‘पोलिटिकल कंपास’ २००१ पासूनचा. त्यातली विधानं इतकी मोघम असतात की अर्ध्या वेळा ‘हे कशाच्या संदर्भात?’ असं विचारावंसं वाटतं.

गंभीरपणे पाहायचं असेल तर प्यूची वर्गवारी पाहा. २०२१ मध्ये त्यांनी विषयवार उत्तरांवरून अमेरिकनांचे नऊ गट पाडले. सर्वांत डावीकडचा प्रोग्रेसिव्ह गट ६ टक्के, सर्वांत उजवीकडचा धर्म आणि ध्वज मानणारा गट १० टक्के. राजकारणाला कंटाळलेले, पैशाच्या विवंचनेत असलेले आणि मतदानाला कमी जाणारे १५ टक्के. वाहिन्यांवर आवाज पहिल्या दोघांचाच.

नेत्यांची जागा कशी ठरवतात?

संसदेतल्या मतदानावरून. कीथ पूल आणि हॉवर्ड रोझेन्थल यांची पद्धत प्रसिद्ध आहे : कोण कुणाबरोबर मत देतो यावरून उणे एक ते अधिक एक असा आकडा निघतो. यातही फट आहे. अलेक्झांड्रिया ओकासियो-कॉर्टेझ यांच्यासारख्या डाव्या खासदार पक्षाचं विधेयक पुरेसं डावं नाही म्हणून विरोधात मत देतात, त्याच रकान्यात रिपब्लिकनांचंही ‘नाही’ असतं, आणि यंत्र त्यांना मधल्या समजून बसतं.

उजव्यांचा रंग लाल कसा काय?

टीव्हीमुळे. २००० च्या निवडणुकीचा निकाल फ्लोरिडात महिनाभर लटकला आणि नकाशावरचे रंग डोक्यात पक्के बसले. त्याआधी वाहिन्या मन मानेल तसे रंग वापरत. १९८० मध्ये एनबीसीने रिपब्लिकन रेगन यांची राज्यं निळी रंगवली होती. गिरणगावातल्या लाल बावट्याची आठवण असलेल्या पिढीला टेक्सास लाल पाहून अजून चुकल्यासारखं वाटतं.

दुसऱ्या बाजूचे लोक खरंच इतके टोकाचे असतात का?

वाटतात त्यापेक्षा कमी. आहलर आणि गौरव सूद यांनी लोकांना विचारलं की रिपब्लिकनांत वर्षाला अडीच लाख डॉलरहून जास्त कमावणारे किती? सरासरी उत्तर आलं ३८ टक्के. प्रत्यक्षात २ टक्के. डेमोक्रॅटांत समलिंगी व तत्सम ओळखीचे किती? उत्तर ३२ टक्के, प्रत्यक्षात ६.

राग मात्र खरा आहे. तुमच्या मुलाने किंवा मुलीने दुसऱ्या पक्षाच्या माणसाशी लग्न केलं तर वाईट वाटेल का, असं १९६० मध्ये विचारलं तेव्हा पाच टक्क्यांच्या आसपास लोक ‘हो’ म्हणाले होते. २०१० मध्ये रिपब्लिकनांतले जवळपास निम्मे आणि डेमोक्रॅटांतले एक-तृतीयांश. याच पन्नास वर्षांत वंशापलीकडच्या लग्नांना अमेरिकेत मान्यता वाढत गेली. आपल्याकडे जात आणि पत्रिका विचारतात. इथे तो प्रश्न आता पक्षाचा होऊ लागला आहे.

मतदार नोंदणीच्या फॉर्मवर पक्ष लिहावाच लागतो का?

राज्यावर अवलंबून आहे. टेक्सास, व्हर्जिनिया, मिशिगन, जॉर्जिया इथे नोंदणीत पक्ष नसतोच. न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया, फ्लोरिडात असतो, आणि तिथली प्रायमरी बंदिस्त आहे : त्या पक्षात नाव नसेल तर त्या पक्षाचा उमेदवार निवडताना तुम्हाला मत नाही. न्यू जर्सीत पक्ष न लिहिलेला मतदार प्रायमरीच्या दिवशी केंद्रावर पक्ष निवडू शकतो. कॅलिफोर्नियात २०१२ पासून बहुतेक पदांसाठी सगळे उमेदवार एकाच प्रायमरीत असतात आणि पहिले दोन पुढे जातात.

तुमचं मत गुप्त असतं, पण नोंदणीतला पक्ष मतदार यादीत दिसतो आणि प्रचारवाले तो पाहूनच दार ठोठावतात.

एक गोष्ट ठळकपणे सांगतो. ग्रीन कार्डवर असाल तर नोंदणी करू नका. वाहन परवान्याच्या कचेरीत १९९३ च्या कायद्याप्रमाणे मतदार नोंदणीबद्दल विचारतात. घाईत ‘हो’ म्हणून सही केली तर नागरिक असल्याचा खोटा दावा ठरू शकतो आणि प्रकरण थेट देशाबाहेर घालवण्यापर्यंत जाऊ शकतं.

पक्ष एकदा लिहिला की बदलता येतो का?

येतो, फॉर्म पुन्हा भरायचा. पण मुदत बघा. २०१६ मध्ये न्यूयॉर्कची प्रायमरी एप्रिलात होती आणि पक्ष बदलायची मुदत आदल्या ऑक्टोबरातच संपली होती. इव्हान्का आणि एरिक ट्रम्प यांनी कुठलाच पक्ष लिहिलेला नव्हता आणि मुदत हुकली, त्यामुळे त्यांना वडिलांनाच मत देता आलं नाही. आता न्यूयॉर्कात ही मुदत १४ फेब्रुवारी आहे.